नवगावच्या दोन उंचवट्यांमधून तारीख काढू नका

अलिबागजवळच्या नवगावातल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, कबरस्तानाबद्दल एक मजकूर सध्या फिरतोय. त्यात तीन दावे आहेत: इथल्या कबरी 2000 वर्षांपूर्वीच्या असल्याचं सिद्ध झालंय, हे ज्यू कोकणात कधी मिसळले नाहीत, आणि 1948 मध्ये ते सगळे इस्रायलला गेले. तिन्ही दावे टिकत नाहीत.

आधी कबरींचं वय. परंपरा सांगते की गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांची प्रेतं पुरुषांची एकीकडे, बायकांची दुसरीकडे अशी पुरली. तेच हे दोन उंचवटे. त्यांच्यावर ना नाव, ना साल. शेजारचा स्मारकस्तंभ विसाव्या शतकातला. इ.स.पू. 175 च्या सुमाराचा काळ मांडला हाईम सॅम्युएल केहीमकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. समाजाचा इतिहास जपणाऱ्या या माणसाबद्दल मला फार आदर आहे, पण तो त्यांचा तर्क होता. आणि चौदा जण म्हटल्यावर कोकणातल्या माणसाला दुसरी कथा आठवतेच: परशुरामाने किनाऱ्याला लागलेली चौदा प्रेतं जिवंत केली आणि चित्पावन झाले. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपलं मूळ असं समुद्रातून सांगितलं. त्यामुळे गलबत फुटल्याची गोष्ट खोटी ठरत नाही, पण तिच्यातून तारीख काढता येत नाही.

'मिसळले नाहीत' हे तर मला वाचवतही नाही. केहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावं कुठून आली? तेलाचा घाणा चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना शनवारतेली म्हटलं. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा हा प्रसाद करतात तो पोहे, गूळ, खोबऱ्याचा. 2016 च्या जनुकीय अभ्यासातही ज्यू आणि भारतीय, दोन्ही वंशांचा मोठा वाटा दिसला.

राहिलं 1948. स्थलांतर पुढची काही दशकं चाललं. तिथेही लग्नाच्या वेळी त्यांच्या ज्यूपणावर शंका घेतली गेली, त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं आणि 1964 मध्ये इस्रायलच्या संसदेने त्यांना पूर्ण ज्यू मानलं. काही हजार लोक मुंबई, ठाणे, रायगडात राहिलेच. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तो याच लोकांसाठी. अलिबागच्या इस्राएल आळीत मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभं आहे.