कोड वाचला म्हणजे निदान झालं का?

जुनी फॅमिली क्रॉसओव्हर गाडी घेतली की चेक इंजिनचा पिवळा दिवा पाचवीला पुजलेलाच. त्याचं दुःख नाही. डोकं फिरतं ते स्कॅनर लावून, गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचून दोन मिनिटांत पार्ट बदलायला सांगणाऱ्यांमुळे! पी०४२० हा कोड दिसला की लगेच 'कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) गेला'. अहो, कन्व्हर्टर नीट काम करत नाहीसं दिसतंय, एवढंच तो कोड सांगतो! एक्झॉस्ट पाइपच्या जोडावर काळी काजळी धरलीय, तिथून हवा आत शिरून कन्व्हर्टरच्या मागचा, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर फसतोय, हे खाली वाकून कोण बघणार? आणि मिसफायरमुळे, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटल्यामुळे, न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जात असेल, तर नवा तरी किती टिकणार?

चाकांकडून खडखड आली की शॉकअप (धक्के शोषणारा भाग) बदला. स्टॅबिलायझर लिंक (गाडी कलू न देणाऱ्या दांड्याचा जोड) हाताने हलवून बघितली? लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) रबरी बुश चिरलाय का बघितलं? नाही! कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) कमी होतंय तर वरून ओता, वॉटर पंपाखालचा गळतीचा वाळलेला डाग पुसून टाका, झालं काम! सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) ऑइल तर म्हणे आयुष्यभर बदलायचंच नसतं. मग ते खराब होऊन गाडी थरथरायला लागली की हेच लोक अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणतात!