कार्डिअ‍ॅक्सला 'विचित्र' म्हणून निकालात काढू नका

'तोंडाला रंग फासून गाणारे ते वेडे ना?' कार्डिअ‍ॅक्स या इंग्लिश रॉक बँडचं नाव काढलं की हेच ऐकायला मिळतं आणि दरवेळी माझा जीव तुटतो. हो, ते रंग फासायचे, बँडवाल्यांचे जुनाट गणवेश घालायचे. पण त्यांचा गायक आणि गीतकार-संगीतकार टिम स्मिथ, त्याचं संगीत जरा कान देऊन ऐका. पहिल्यांदा सगळा गोंगाट वाटतो. चौथ्या-पाचव्या वेळी लक्षात येतं, की जिथे लय अडखळल्यासारखी वाटत होती, तिथे सगळे वादक एकाच क्षणी अडखळतायत. ते घोटून घोटून बसवलेलं आहे.

१९७७ मध्ये लंडनजवळच्या किंग्स्टन भागात टिम आणि त्याचा भाऊ जिम यांनी सुरुवात केली. १९८४ मध्ये मॅरिलियन या गाजलेल्या रॉक बँडच्या दौऱ्यात आधी वाजवायची संधी मिळाली, तर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, वस्तू फेकल्या. बऱ्याच संगीत साप्ताहिकांनीही हेटाळणीच केली. मग यांनी स्वतःच्याच लेबलवर रेकॉर्ड काढल्या. १९८८ चं 'इज धिस द लाइफ' हे गाणं ब्रिटनमधल्या खपाच्या यादीत जेमतेम ८० व्या क्रमांकापर्यंत पोचलं. तेवढंच काय ते व्यावसायिक यश!

माझं मत विचाराल तर १९९६ चा 'सिंग टू गॉड' हा दुहेरी अल्बम म्हणजे त्यांचं शिखर. त्यातलं 'डर्टी बॉय' रात्री दिवे घालवून, हेडफोन लावून ऐका. जवळपास नऊ मिनिटांचं गाणं. शेवटाकडे आवाज एकाच स्वरावर ठाण मांडतो आणि खालचे कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह, बदलत राहतात. स्वर तोच, पण दर बदलाबरोबर त्याचा रंग पालटतो. मला आजही तिथे भरून येतं. याला कुणी थिल्लर विक्षिप्तपणा म्हटलं की राग येणारच.

२००८ मध्ये टिमचं हृदय बंद पडलं. तो वाचला, पण मेंदूला इजा झाली, शरीर आखडलं. बुद्धी मात्र शाबूत होती. उपचारांसाठी चाहत्यांनी वर्गणी काढली. २०१८ मध्ये स्कॉटलंडच्या रॉयल कॉन्झर्व्हेटॉयर या संगीत-नाट्य शिक्षणसंस्थेने त्याला मानद डॉक्टरेट दिली. जुलै २०२० मध्ये तो गेला, ५९ व्या वर्षी.

त्याचा अर्धवट राहिलेला 'एलएसडी' हा अल्बम जिमने आणि सोबत्यांनी पुरा केला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये आलाय. पण नव्यांनी आधी 'डर्टी बॉय' ऐका, आणि पहिल्या मिनिटाला बंद करू नका.