सुझोऊतला हेनानी, मुंबईतली मणिपुरी

२०२५ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासूनच्या हिंदीवरून रान पेटलं. २९ जूनला सरकारने दोन्ही शासन निर्णय मागे घेतले आणि ५ जुलैला दोघे ठाकरे बंधू वरळीत एका व्यासपीठावर आले. त्या दिवसांत आमच्या नातेवाइकांच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर दोन वाक्यं सारखी फिरत होती. एक, ‘चीनकडे बघा, एक देश, एक भाषा, आहे का तिथे प्रांताप्रांतांचं भांडण?’ आणि दुसरं, ‘मराठीचा हा हट्ट म्हणजे सरळसरळ वंशवाद आहे.’ मी चीनमध्येच राहते, जिआंग्सू प्रांतातल्या सुझोऊ शहरात, आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. दोन्ही वाक्यं मला पटत नाहीत.

आधी पहिल्याबद्दल. जिआंग्सूत तेरा शहरं आहेत आणि तिथला माणूस स्वतःला सहसा जिआंग्सूचा म्हणवत नाही. तो नानजिंगचा असतो, वूशीचा असतो, सुझोऊचा असतो. २०२५ च्या मे महिन्यात या तेरा शहरांची हौशी फुटबॉल लीग सुरू झाली. खेळणाऱ्यांत शिक्षक होते, विद्यार्थी होते, कुरिअरवाले होते. जुलैत नानजिंग विरुद्ध सुझोऊ सामन्याला साठ हजारांवर लोक आले. ‘आधी मैत्री, मग स्पर्धा’ ही माओच्या काळातली घोषणा. लोकांनी ती फिरवून ‘स्पर्धा पहिली, मैत्री चौदावी’ केली. नानजिंगचं खारवलेलं बदक आणि वूशीची पीच फळं यांच्यावरून महिनाभर चिडवाचिडवी चालली. आमच्या कारखान्यात सोमवारी सकाळी मीटिंगआधी दुसरा विषय नसे. हे भांडण मला मनापासून आवडतं, कारण त्यात दोन्ही बाजूंना माहीत असतं की समोरचा उद्याही इथेच असणार आहे.

पण सगळंच असं गोड नाही. यांगत्से नदीच्या दक्षिणेचं जिआंग्सू श्रीमंत, उत्तरेचं गरीब. विसाव्या शतकात उत्तरेकडून शांघायला पोट भरायला गेलेले लोक रिक्षा ओढायचे, हजामत करायचे, मैला वाहायचे. त्यांच्या मुलखाचं नाव शांघायमध्ये शिवीसारखं वापरलं जाई आणि त्यांच्या घरात मुलगी द्यायला लोक कचरत. आज ती जागा बऱ्याच अंशी हेनान प्रांताने घेतली आहे. हेनानचा माणूस म्हणजे फसवणारा, चोर, असा शिक्का देशभर आहे. २००५ मध्ये शेन्झेनच्या एका पोलिस ठाण्याने ‘हेनानी खंडणीखोर टोळ्यांना ठेचून काढा’ अशा अर्थाचे फलक रस्त्यावर लावले होते. दोन हेनानी नागरिक कोर्टात गेले, तेव्हा पोलिसांना माफी मागावी लागली.

माझ्या लाइनवरचा सगळ्यात जाणता कामगार हेनानचाच. सगळे त्याला शिफू म्हणतात, म्हणजे उस्ताद. कॅन्टीनमधला भात बाजूला सारून तो घरून आणलेले गव्हाचे मान्तोऊ, म्हणजे वाफवलेले पाव, खातो, कारण इकडे दक्षिणेत भात आणि त्याच्या मुलखात गहू. एकदा लॉकरमधून कोणाचा तरी मोबाइल गेला. शिफूचं नाव कोणी घेतलं नाही, पण सुपरवायझरने माझ्यासमोर विचारलं, ‘या शिफ्टला हेनानचे किती जण आहेत?’ शिफूने ऐकलं आणि हातातला गेज पुसत राहिला. मोबाइल दुपारी एका जॅकेटच्या खिशात सापडला. शिफूची क्षमा कोणी मागितली नाही.

त्याची मुलगी गावी आजी-आजोबांकडे वाढली आहे. यामागे हुकोऊ आहे. १९५८ च्या कायद्यापासून प्रत्येक चिनी नागरिकाची नोंद त्याच्या कुटुंबाच्या गावाला बांधलेली आहे. नियम आता बरेच सैल झालेत, पण मोठ्या शहरांत सरकारी शाळेचा प्रवेश, आरोग्याच्या सवलती, घर घेण्याची मुभा या गोष्टी अजूनही त्या नोंदीला धरून मिळतात. शांघायसारख्या शहरात तर बहुतेक बाहेरच्या मुलांना विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेसाठी आपल्या प्रांतात परत जावं लागतं. २०२० च्या जनगणनेत शांघायची वस्ती सुमारे २ कोटी ४९ लाख होती आणि त्यातले १ कोटी ५ लाखांच्या आसपास लोक बाहेरच्या प्रांतांतले होते. म्हणजे पाचातले दोन जण.

आपल्याकडे ‘परप्रांतीयांना परवाना पद्धत लावा’ अशी मागणी अधूनमधून होते. ती पद्धत राबवली की काय होतं ते मी इथे रोज बघते, म्हणून पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाहेरच्याला साठ वर्षांहून जास्त काळ कागदोपत्री दुय्यम ठेवून शांघायने आणि सुझोऊने स्वतःची भाषा वाचवली का? नाही. सुझोऊची बोली इतकी मृदू मानतात की ‘निंगबोच्या माणसाशी गप्पा मारण्यापेक्षा सुझोऊच्या माणसाशी भांडलेलं बरं’ अशी म्हण आहे. माझ्या शेजारच्या आजी ती बोलतात, त्यांच्या मुलाला ती समजते, नातवाला येत नाही. हे नातं हेनानी मुलांमुळे तुटलेलं नाही. शाळा, टीव्ही, सरकारी नोकरी सगळीकडे पुतोंगहुआ, म्हणजे प्रमाण चिनी. २००१ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय भाषा कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. २०१० मध्ये ग्वांगझोऊच्या स्थानिक वाहिनीवर कँटोनीजऐवजी पुतोंगहुआ आणायची सूचना झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. त्यांचा राग कोणा मजुरावर नव्हता, त्या सूचनेवर होता. त्यांना नेमकं कळलं होतं की भाषा कुठून जाते. पहिलीतल्या सक्तीविरुद्ध जे मराठी पालक, शिक्षक आणि लेखक बोलले त्यांनाही हेच कळलं होतं, आणि म्हणून मी त्यांच्या बाजूची आहे. मीरा रोडच्या मिठाईवाल्याला मारलेल्या थपडेच्या बाजूची मी नाही. त्या थपडेने एकाही मराठी शाळेचा वर्ग वाढला नाही.

आता दुसरं वाक्य. वंशवाद काय असतो ते परदेशी म्हणून इथे राहिल्यावर कळतं, आणि तो शिफूच्या अनुभवापेक्षा निराळा आहे. मला रोज कोणी हिणवत नाही. बहुतेक लोक अगत्याने वागतात. म्हाताऱ्या माणसांना डॉ. कोटणीस माहीत असतात. सोलापूरचा तो तरुण डॉक्टर १९४२ मध्ये इथे जखमी सैनिकांवर उपचार करता करता गेला, याबद्दल ते कृतज्ञतेने बोलतात. पण पाहुणी ती पाहुणीच. घर शोधताना एजंटने फोन स्पीकरवर टाकला होता. मालकीणबाई म्हणाल्या, ‘भारतीय? नको, मसाल्यांचा वास भिंतीत मुरतो. युरोपियन कोणी असेल तर पाठवा.’ परदेशी माणसाची चोवीस तासांत पोलिसांत नोंद करावी लागते. ती कटकट त्या युरोपियनासाठी करायला तयार होत्या.

माझ्या बाबतीत गोष्ट वासावर थांबली. एप्रिल २०२० मध्ये ग्वांगझोऊत आफ्रिकी लोकांना करोनाच्या भीतीने घरांतून आणि हॉटेलांतून बाहेर काढलं गेलं. कातडी काळी एवढंच कारण पुरेसं होतं. आफ्रिकी देशांच्या राजदूतांना एकत्र येऊन चीनकडे निषेध नोंदवावा लागला. त्याच वर्षी परदेशींना कायम वास्तव्य देण्याच्या नियमांचा मसुदा आला, तेव्हा समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. २०२० च्या जनगणनेत १४१ कोटींच्या या देशात परदेशी होते साडेआठ लाखांहूनही कमी. आणि जून २०२४ मध्ये माझ्याच शहरात जपानी शाळेच्या बसथांब्यावर एका माणसाने सुरा चालवला. बसवरच्या मदतनीस हू योउपिंग त्याला अडवताना गेल्या. त्याआधी जपानी शाळांबद्दल इंटरनेटवर वाट्टेल त्या अफवा पिकत होत्या. हल्ल्यानंतर मोठ्या कंपन्यांनी तो मजकूर काढायला घेतला. तोवर उशीर झाला होता.

फरक माझ्या मते इथे आहे: समोरचा माणूस कधी तरी ‘आपला’ होऊ शकतो का? हेनानी माणूस होऊ शकतो. त्याला त्रास होतो, पण तो स्थानिक मुलीशी लग्न करतो, गुण जमवून हुकोऊ मिळवतो, कोर्टात जातो. २०१९ मध्ये एका हेनानी तरुणीने नोकरीसाठी अर्ज केला. नाकारण्याचं कारण म्हणून कंपनीने फक्त ‘हेनानी’ असं लिहिलं. हांगझोऊच्या इंटरनेट न्यायालयाने तिला १०,००० युआन भरपाई द्यायला लावली, रोजगार कायद्यात प्रांताचा उल्लेख नसतानाही. याउलट २००९ मध्ये शांघायच्या वाहिनीवरच्या एका स्पर्धेत आलेल्या तरुणीकडे सगळं होतं. आई शांघायची, जन्म शांघायचा, बोलणं अस्सल शांघायी. वडील आफ्रिकन-अमेरिकन होते. तिच्यावर आणि तिच्या आईवर देशभरातून जी चिखलफेक झाली, ती कुठल्याही हेनानी मुलीच्या वाट्याला आली नसती. भाषा येऊनही ती त्यांच्या लेखी परकीच. पासपोर्टही पुरत नाही; शिनजियांग प्रांतातल्या मुस्लिम उइगुर नागरिकांना त्यांच्याच देशातली हॉटेलं खोली नाकारतात.

हीच कसोटी घरी लावून बघा. उत्तर प्रदेशातून आलेला रिक्षावाला मराठी शिकला की त्याचा आणि आपला वाद निम्मा संपतो; त्याची मुलं तर आपल्यापेक्षा चांगली मराठी बोलतात, हे मी नाशिकला स्वतः ऐकलंय. मराठीचा आग्रह म्हणून वंशवाद नाही, कारण तो समोरच्याला आत यायचं दार दाखवतो. मुलुंडला २०२३ मध्ये मराठी बाईला मराठी म्हणून जागा नाकारली गेली, तेव्हा चिडणारे लोकही वंशवादी नव्हते. पण २०१२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातून, बंगळुरूतून ईशान्येकडचे विद्यार्थी घाबरून गाड्या भरभरून परत गेले. २०२० मध्ये मुंबईत कालिन्याला एका मणिपुरी मुलीवर कोणी तरी थुंकलं. त्या मुलीने अस्खलित मराठी बोलून दाखवली असती तरी काही फरक पडला नसता, कारण तिचा चेहरा बघून निकाल आधीच लागला होता. याला ‘आमच्या पोरांची मस्करी’ म्हणणारे माझ्या मित्रमंडळींतही आहेत आणि त्यांच्याशी माझं कडाक्याचं भांडण आहे. परप्रांतीयांचा वाद आणि हा प्रकार एकाच पिशवीत घातले की खरा वंशवाद सुटून जातो आणि भाषेची रास्त मागणी बदनाम होते.

दार दाखवायचं तर ते उघडंही ठेवायला हवं. सुझोऊत शिफूला इथली बोली शिकवायला कोणी पुढे आलं नाही. केरळने मात्र ते केलं: तिथल्या साक्षरता मिशनने २०१७ मध्ये पेरुम्बावूरला स्थलांतरित मजुरांसाठी ‘चंगाती’ योजना सुरू केली, त्यांच्यासाठी वेगळं पाठ्यपुस्तक काढलं आणि त्यांना मल्याळम शिकवलं. चाकणला आणि भिवंडीला असे वर्ग शिफ्ट सुटल्यावर, कारखान्याच्याच कॅन्टीनमध्ये भरू शकतात. मराठीसाठी वरळीत जमलेल्या दोन्ही पक्षांकडे त्यासाठी लागणाऱ्या शाखा आहेत, कार्यकर्ते आहेत आणि निवृत्त शिक्षकही आहेत. त्यांनी पहिला वर्ग कुठे भरवणार ते जाहीर करावं, पुस्तकांचा खर्च आम्ही परदेशातले मराठी लोक उचलू.