संध्याकाळी पाचचं जेवण आणि पावणेसातचा रोजा

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर रमजान आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं सार असं: तुरुंगात रोजेदारांना बिर्याणी आणि खजूर, एकादशी धरणाऱ्या माळकऱ्याच्या ताटात मात्र काहीच नाही, धर्मापायी आत वेगवेगळ्या चुली पेटतात, कोर्टानेही हे लाड मान्य केलेत, आणि खर्च तुमच्या-आमच्या करातून. एकेक घेऊ.

"बिर्याणी." तुरुंगाला हा शब्द कुठून चिकटला ते सगळ्यांना ठाऊक असायला हवं. कसाबने मटण बिर्याणी मागितल्याची गोष्ट सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी सांगितली होती. ती आपणच रचली होती, हे त्यांनी मार्च 2015 मध्ये जयपूरला जाहीरपणे सांगितलं. गोष्ट राहिली, कबुली विसरली गेली. आतलं रोजचं जेवण म्हणजे चपाती, भात, वरण, भाजी.

"रोजेदारांसाठी वेगळा स्वयंपाक." वेगळा स्वयंपाक लागत नाही, वेगळी वेळ लागते, आणि खरी अडचण तिथेच आहे. तुरुंगाचं घड्याळ सूर्यास्ताच्या आधी मिटतं: पाचच्या सुमारास जेवण वाटायचं, मोजणी करायची, बराकींना कुलूप. मार्चच्या सुरुवातीला सांगलीत सूर्य मावळतो पावणेसातच्या आसपास. म्हणजे तेच वरण, त्याच चपात्या रोजेदाराला झाकणाच्या डब्यात घेऊन पावणेदोन तास ठेवाव्या लागतात. डब्याला झाकण हवं, आणि बराकीत प्यायचं पाणी भरलेलं हवं, कारण दिवसभर घोटही न घेतलेल्या माणसाला पहिल्यांदा पाणीच लागतं.

सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं जेवण, त्याहून अवघड. ती पहाटे साडेपाचच्या आत आटपायची. संध्याकाळचा भात आणि वरण तोवर बारा तास शिळं होतं. रमजान उन्हाळ्यात आला तर आंबलेलं वरण आणि सकाळी जुलाब ठरलेले. उपाय दोन. एक, टिकणारं द्यायचं: कोरड्या चपात्या, गूळ, शेंगदाणे, केळी. दोन, स्वयंपाकाची पहिली पाळी दीड तास आधी लावायची. दुसरा उपाय चांगला, पण स्वयंपाक करणारे कैदीच असतात. त्यांची बराक अंधारात उघडायची तर पहाऱ्याला माणूस जादा लागतो. खर्च म्हणायचा तर हा. खजुराचा हिशेब किरकोळ आहे: 50 रोजेदार, रोज तीन, तीस दिवस, म्हणजे 4,500 खजूर, साधारण 35-40 किलो. तोही अनेक ठिकाणी दानातून येतो.

"एकादशीला काहीच नाही." केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत धार्मिक उपवास करणाऱ्याला जादा जिन्नस देण्याची किंवा जेवणाची वेळ-जागा बदलण्याची मुभा आहे, आणि तिथे कुठल्या एका धर्माचं नाव नाही. ज्या जिल्ह्यातून माउलींची पालखी लोणंद-फलटणवरून जाते तिथे एकादशी धरणारे कैदी असणारच. ताटात काही पडत नसेल तर कारण बहुधा उपवासाच्या नावांची वेळेवर न आलेली यादी असते. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो. नावं सकाळी आली की संपलं. दोन दिवस आधी बराकनिहाय नावं घ्यावीत.

समजा 40 नावं आली. दुपारी 4 किलो साबुदाणा, 2 किलो शेंगदाण्याचा कूट, 4 किलो बटाटे. संध्याकाळी 3 किलो वरई आणि माणशी दोन केळी. साबुदाणा तांदळासारखा पाण्यात बुडवला की सकाळी लगदा मिळतो. पाणी दाण्यांच्या जेमतेम वर, आणि परतायचं दोन-दोन किलोंच्या घाण्यात. एकदम चार किलो टाकला तर खाली लागतो, वर कच्चा राहतो. त्या दिवशी या 40 जणांचं नेहमीचं धान्य वाचतं. माणशी 600 ग्रॅम धान्य आणि 100 ग्रॅम डाळ धरली तर 24 किलो धान्य, 4 किलो डाळ. बाजारभाव घालून पाहा, लाड कुठे सापडतात ते कळवा.

उपवासाची नोंद लेखी हवी याला आणखी एक कारण आहे. नोंद नसेल तर जेवण नाकारणारा कैदी उपवासाला आहे की अन्नत्यागाला बसलाय, हे रात्रपाळीच्या शिपायाला कसं कळणार? शिवाय मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असलेल्याची साखर उपाशीपोटी घसरते. यादी आधी डॉक्टरच्या हाताखालून जायला हवी, रोजा असो की नवरात्र.

"मग जैन कैदीही मागतील." सांगलीत जैन समाज मोठा, तेव्हा मागतीलच. सूर्यास्तापूर्वी जेवायचं हा त्यांचा नियम तुरुंग न मागताच पाळतो! कांदा-लसणाचं म्हणाल तर वरणाला फोडणी घालण्याआधी एक पातेलं बाजूला काढायचं, आणि बटाट्याच्या भाजीच्या दिवशी थोडा दुधी किंवा दोडका. घोळ होतो तो पळीमुळे. फोडणीच्या वरणातली पळी साध्यात बुडली की सगळं वाया. तिला वेगळ्या रंगाची दोरी बांधावी.

"कोर्टाने हक्क दिलाय." उलट आहे. तिहार तुरुंगात असताना दिल्लीचे तेव्हाचे मंत्री सत्येंद्र जैन यांनी धार्मिक कारणाने फळं, कच्च्या भाज्या आणि सुकामेवा मागितला, तो अर्ज दिल्लीच्या न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये फेटाळला. आवडीचं किंवा महागडं अन्न न मिळणं म्हणजे आपोआप मूलभूत हक्कांचा भंग नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2025 मध्ये म्हटलं. पुरेसं, पोषक आणि स्वच्छ अन्न मात्र द्यावंच लागतं.

मजकुराखाली एक प्रतिक्रिया नेहमी असते: "मग ज्याला त्याला आपल्या जातीचा आचारी द्या." हे धर्माच्या आहारात बसतच नाही. काही राज्यांच्या नियमावलीत "योग्य जातीच्या" कैद्याने स्वयंपाक करावा असं होतं. जातीवर कामं वाटणारी अशी कलमं सर्वोच्च न्यायालयाने 3 ऑक्टोबर 2024 रोजी घटनाबाह्य ठरवली. काय खायचं नाही हे कैदी सांगू शकतो. कुणाच्या हातचं, हे नाही.

राहिला घरचा डबा. 1894 च्या कारागृह कायद्याचं कलम 31 कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न मागवू देतं, तपासणी आणि नियमांच्या अधीन. शिक्षा झालेल्याला ते लागू नाही. आणि कलम 32 प्रमाणे त्या डब्यातला घास दुसऱ्या कैद्याला देता येत नाही, म्हणजे घरून आलेल्या खजुरावर अख्ख्या बराकीचा रोजा सुटत नाही.