खाऱ्या हवेला घाबरून बेसवर स्टीलचे जम्बो फ्रेट टाकू नका

शिमग्यापासून आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतोय. सारांश असा: कोकणच्या खाऱ्या हवेत बेस गिटारचे निकेल सिल्व्हरचे फ्रेट (दांड्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या) गंजतात, बेसच्या तारा जाड, म्हणून फ्रेटही जम्बोच हवेत, रुंद फ्रेट दमट लाकडात घट्ट बसतात, तेव्हा स्टेनलेस स्टीलचे जम्बो एकदा टाका आणि जन्मभर विसरा, आवाजही खणखणीत होईल. वेंगुर्ल्यापासून रत्नागिरीपर्यंत ऑर्केस्ट्रावाली पोरं गणपतीच्या सुपाऱ्या सुरू व्हायच्या आत हे उरकायला निघाली आहेत, म्हणून लिहितोय.

आधी गंजाचं. निकेल सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यात लोखंडच नाही, मग तांबडा गंज येणार कुठून? घाम आणि खारी हवा लागून हे फ्रेट काळवंडतात, कडेला हिरवट पुटं धरतात, एवढंच. मालवणात समुद्राला लागून घर असलेल्याच्या बेसवर तांबडेपणा नेमका कुठे दिसतो ते बघा: तारांवर, तारांचं खालचं टोक टेकतं त्या ब्रिजच्या बारीक स्क्रूंवर, दांड्याच्या आतल्या सळईच्या, म्हणजे ट्रस रॉडच्या, नटावर. फ्रेट बदलून यातलं काहीही वाचत नाही. आणि समुद्राकाठी स्टेनलेसवरही तपकिरी ठिपके येतात. साध्या पोलादाच्या कानशीने ते घासलं, तर तिचा कीस पृष्ठभागात रुततो आणि तोच गंजायला लागतो.

जाड तारेला जाड फ्रेट, हे ऐकायला पटतं. पण सगळ्यात जाड ई तार साधारण 2.7 मिलिमीटर जाड असली तरी फ्रेटला टेकते ती माथ्यावरच्या एका रेषेवर. माथा रुंद केला म्हणून ती जास्त धरली जात नाही. उलट रुंद माथा झिजून सपाट झाला की तार कुठे सुटते तेच ठरत नाही. खरा फरक पडतो उंचीने, आणि मजकुरात उंचीचं नाव नाही! जुन्या धाटणीचा अरुंद फ्रेट सुमारे 2 मिलिमीटर रुंद आणि 1.1 उंच, जम्बो 2.8 रुंद आणि 1.4 किंवा थोडा जास्त उंच. हा तीन दशांश मिलिमीटर कुठे नडतो? दांड्याच्या वरच्या टोकाला तारा ज्या खाचांच्या पट्टीवर टेकतात तो नट (हा स्क्रूचा नट नव्हे) नीट कापलेला असेल तर मोकळ्या तारेखाली पहिल्या फ्रेटवर जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा असते. त्यातली निम्म्याहून जास्त नवा फ्रेट खातो. मग मोकळ्या तारा झिणझिणतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, फ्रेट वाकडे बसवले. फ्रेट सरळच असतात, नट नवा करायला हवा असतो, ब्रिजवर तारा टेकतात ती सॅडलही उचलायला हवीत. तो खर्च मजकूर पाठवणारा सांगत नाही. शिवाय उंच फ्रेटवर तार लाकडापर्यंत दाबली की सूर चढतो, आणि मंडपात स्वतःचा आवाज ऐकू आला नाही की दाबत सगळेच सुटतात.

आता दमट लाकूड. लाकूड फुगतं ते रेषांच्या आडवं, लांबीत जवळजवळ नाहीच. फ्रेटची खाच फिंगरबोर्डवर (दांड्यावरच्या लाकडी पट्टीवर) आडवी असते, म्हणजे तिची रुंदी लाकडाच्या लांबीच्या दिशेला. त्यामुळे ती आषाढात आवळत नाही की वैशाखात सैल पडत नाही. फ्रेटला धरून ठेवतं ते खाचेत शिरणारं पातं, म्हणजे टँग, आणि त्याचे बारीक दाते. वरच्या माथ्याचा त्यात हात नाही. खाच साधारण 0.6 मिलिमीटरची. पातं जाड निघालं तर प्रत्येक फ्रेट पाचरीसारखा काम करतो, आणि वीस पाचरी एकदम ठोकल्या की बेसची लांब नेक, म्हणजे दांडा, मागे वाकते. ट्रस रॉड पूर्ण सैल केला तरी मग ती पुढे येत नाही. पातं बारीक पडलं तर टोकं उचलतात. जुने फ्रेट काढताना रोजवुडचे टवके उडून खाच रुंद झालेली असते, म्हणून फ्रेटची तार मागवायची ती खाच मोजून.

दमटपणा दिसतो तो फ्रेटच्या टोकांना. श्रावणात फुगलेल्या बोर्डावर टोकं लाकडाच्या बरोबरीने घासली आणि तोच बेस थंडीत पुण्याला नेला, की बोर्ड आकसतो, टोकं बाहेर येतात आणि तळहाताला ओरखडे काढतात. म्हणजे गणपतीच्या तोंडावर हे काम करणं सगळ्यात वाईट. दिवाळी होऊ द्या.

आवाजाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तारांचा नवा संच चढवल्यावर जो फरक पडतो, त्याच्या पासंगालाही फ्रेटच्या धातूचा फरक पुरत नाही. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तारेवर ठोकून, वाजवताना तार फ्रेटवर आपटते तेव्हा किंचित जाणवेल.

स्टील कठीण असतं, उशिरा झिजतं, हे मात्र खरं. रोज वाजवणाऱ्याने, स्टीलच्या राउंडवाउंड (गोल वेटोळ्यांच्या, खरखरीत) तारा लावणाऱ्याने जरूर घ्यावं, पण उंची आधीच्या फ्रेटइतकीच ठेवून. कानशी आणि कटर त्यावर लवकर बोथट होतात, तेव्हा कारागिराने मजुरी जास्त मागितली तर घासाघीस करू नका. फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्यांच्या, गुळगुळीत) तारांवर वाजवणाऱ्याला त्याची गरज नाही. बेसवर तारा लीड गिटारसारख्या ताणल्या जात नाहीत. झीज बहुतेक पहिल्या पाच फ्रेटांवर होते, आणि तेवढेच बदलूनही भागतं. ज्याला निकेलने बोटांना खाज सुटते त्याच्यासाठी एव्हो गोल्ड आहे: तांबं, कथील, लोखंड आणि टायटॅनियमची फ्रेटसाठीची पिवळसर तार, कठीणपणात निकेल सिल्व्हर आणि स्टीलच्या मधली. पण मग बेसच्या ताराही बिननिकेलच्या घ्याव्या लागतील.