अंदाज बरोबर आला तरी वावर करपलंच ना

एप्रिल आला की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हवामान खात्याचा आकडा फिरायला लागतो. यंदा पाऊस सरासरीच्या एवढे टक्के, तेवढे टक्के. आणि त्या आकड्यावर बियाणं, खत, दुकानदाराकडची उधारी, कुणाकुणाच्या पोरीचं लग्न पण ठरतं. मी पण बघतो आकडा. पण त्याच्यावर जीव टांगून बसायचं मला पटत नाही, माझी भिस्त पांडुरंगावर.

लगेच लोक म्हणतात, हां, यांचा सायन्सवर विश्वास नाही. तसं नाहीये बाबांनो. २००२ ला अंदाज सपशेल आपटला होता, नॉर्मल म्हणाले आणि देशभर दुष्काळ, पुढच्या वर्षी खात्याने मॉडेलच बदललं. ते जाऊ द्या, आता सॅटेलाइट आहेत, रडार आहेत, अंदाज खरंच सुधारलाय. मला बोलायचंय ते अंदाज बरोबर आला त्या वर्षांबद्दल.

२०२३ घ्या. खात्याने ९६ टक्के सांगितला, चार टक्के इकडेतिकडे, पडला ९४. म्हणजे पेपरात पास. पण त्याच वर्षीचा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, ऐन सोयाबीन फुलात असताना पावसाने तोंड फिरवलं आणि मराठवाड्यात उभी पिकं माना टाकून बसली. मग २०२५. सांगितला १०६, पडला १०८. परत पास. आणि सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने सोलापूर-धाराशिवकडची पिकं तर नेलीच, कितीतरी जणांची माती पण खरवडून नेली. आता त्या माणसाला सांगा की देशाची पावसाळ्यातली सरासरी ८७ सेंटीमीटर असते आणि अंदाज दोन टक्क्यांनी हुकला फक्त! त्या सरासरीत मेघालय पण आहे आणि जैसलमेर पण. त्याचं वावर कुठंय त्यात?

मग देव काय वेगळं सांगतो, असं विचाराल. काहीच सांगत नाही. पांडुरंगाने आजवर कुणाला टक्केवारी दिल्याचं ऐकलं नाही मी, आणि म्हणूनच तो मला खरा वाटतो. बुलढाण्यात भेंडवळची घटमांडणी होते, अक्षय्य तृतीयेला घट मांडतात, दुसऱ्या दिवशी बघून पाऊसपाणी सांगतात, तीनेकशे वर्षांची परंपरा आहे म्हणतात. आदर आहे. पण खरं सांगू, माझ्या लेखी तो पण अंदाजच, फक्त कॉम्प्युटरच्या जागी घागर. देवाकडून भविष्य काढून घ्यायचं आणि त्याला श्रद्धा म्हणायचं हे काही जमत नाही आपल्याला.

श्रद्धा मी बघितली ती २०२३ च्याच जूनमध्ये. पालख्या निघाल्या तेव्हा पावसाचा पत्ता नव्हता, निम्म्या महाराष्ट्रात पेरण्या अडकलेल्या. तरी आमच्याकडचे माळकरी निघाले. एका म्हाताऱ्या आजोबांना मी विचारलं, पेरणीचं काय? म्हणाले, पोरगं हाय की घरी, वापसा आला की पेरंल, नाही आला तर मी इथं बसून काय ढग वढून आणणारे व्हय? त्यांना पाऊस पडेलच अशी खात्री वगैरे काही नव्हती. पडला नाही तरी इठ्ठल आपल्याला टाकणार नाही एवढीच होती. ही दोन वाक्यं एकच समजणारे लोक लय आहेत, आणि मग नवस फळला नाही की देवावर रुसतात.

बरं, कुणी याचा अर्थ हातावर हात ठेवून बसा असा काढू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका असं कृषी विभाग सांगतो, ते ऐकाच, दुबार पेरणीचा खर्च देव भरत नाही. पीक विमा पण वेळेत भरा. मी विम्याची पावती देवघरातच ठेवतो, बायको हसते, हसू दे.