एडविन जॅक्सनला 14 संघांनी ‘हाकललं’?

परवा मामाने घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला आणि खाली माझ्या धाकट्या भावाला उद्देशून लिहिलं, ‘हे नीट वाच.’ भावाची पाच वर्षांतली ही तिसरी नोकरी. फॉरवर्ड आहे एडविन जॅक्सन या अमेरिकी बेसबॉल पिचरबद्दल, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूबद्दल: 14 संघांनी नालायक म्हणून हाकललं, एका जागी टिकला नाही म्हणून हाती काही लागलं नाही, नाव झालं तेही एका सामन्यात, नशिबाने. भाऊ काही बोलला नाही. मला गप्प बसवत नाही.

‘हाकललं’ हे धादांत खोटं आहे. बेसबॉलमध्ये संघ खेळाडूंची आपसात अदलाबदल करतात, त्याला ट्रेड म्हणतात. करारात तसं कलम नसेल, तर खेळाडूला कुणी विचारत नाही. नकाराचा हक्क मिळतो तो मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेत 10 वर्षं आणि त्यातली शेवटची 5 एकाच संघात काढल्यावर. आणि समोरच्या संघाला तो हवा असतो, म्हणून तर ते बदल्यात आपले खेळाडू देतात! बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर जॅक्सनची प्रत्येक बदली तारखेसकट आहे. 2009 मध्ये डेट्रॉइटकडून तो ऑल-स्टार, म्हणजे वर्षातल्या निवडक खेळाडूंपैकी एक झाला, त्याच डिसेंबरात ॲरिझोनाला गेला. 25 जून 2010 ला त्या संघाकडून नो-हिटर टाकला, म्हणजे अख्ख्या सामन्यात समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही; 30 जुलैला शिकागो व्हाइट सॉक्सला रवानगी. 27 जुलै 2011 ला तर शिकागोने त्याला टोरंटोला दिलं आणि टोरंटोने त्याच दिवशी सेंट लुइसला. त्या वर्षीची वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, सेंट लुइसने जिंकली आणि तिच्यातल्या चौथ्या सामन्याची सुरुवात जॅक्सनने केली होती. नालायक माणसाच्या हाती असा चेंडू कोण देतं?

नशिबाचं म्हणाल, तर त्या नो-हिटरमध्ये त्याने 8 वॉक दिले, म्हणजे बॅटरना फटका न मारताच धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा फुकट. संध्याकाळभर धावा होण्याची टांगती तलवार, तरी 149 चेंडू टाकून सामना 1-0 असा जिंकून दिला. पैशाचं तर बोलायलाच नको: शिकागोच्याच दुसऱ्या संघाचा, कब्जचा, 4 वर्षांचा करार 5.2 कोटी डॉलरचा होता.

तो महान पिचर नव्हता, हे मान्य करावं लागेल. 107 विजय, 133 पराभव. कब्जने 2015 मध्ये करार संपायच्या आधीच त्याला मोकळं केलं. त्याला हाकलणं म्हणा हवं तर. पण त्यानंतरही 2018 मध्ये ओकलंडसाठी त्याने 17 सामने सुरू केले आणि 2019 ला तो टोरंटोकडून प्रत्यक्ष खेळला, हा चौदावा संघ झाला, तेव्हा सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर लागला.

मामा, भावाची पहिली कंपनी बंद पडली. दुसरीने त्याचा अख्खा विभागच दुसऱ्या शहरात हलवला. दोन्ही वेळा त्याला कुणी विचारलं नव्हतं, आणि दोन्ही वेळा महिन्याभरात त्याला नवी नोकरी मिळाली. तू त्याला सगळ्यांसमोर सुनावलंस, म्हणून हे मीही इथेच, सगळ्यांसमोर लिहितेय.